सेप्सिस, नायट्रिक ऑक्साइड आणि सेनगावच्या हापशाचं पाणी

सेनगावला घरी गेले की पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतं, "तिकडं नेमकं काय करायलीस गं तू?" मी सांगते, सेप्सिस झालेल्या पेशंटच्या अंगात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू किती तयार होतो आणि तो मोजायचा कसा, यावर पीएच.डी. चालू आहे. त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं असतं: "त्यात काय एवढं? रक्त काढायचं, मशीनला लावायचं. झालं की."

मामांना वाटतं मी उगीच ताणतेय. पण १९९० नंतर जगभरातल्या कितीतरी प्रयोगशाळांनी अगदी हेच केलं. रक्त काढलं, मशीनला लावलं, आकडा वाढलेला दिसला, निष्कर्ष काढला. त्याच विचारावर एक औषध उभं राहिलं, आणि त्या औषधाच्या मोठ्या चाचणीत औषध मिळालेले पेशंट न मिळालेल्यांपेक्षा जास्त दगावले. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी सेप्सिस म्हणजे काय ते. शेतात पायात काटा मोडला, पू झाला, की आपण म्हणतो 'सेप्टिक झालं'. सेप्सिस ही त्याच्या फार पुढची पायरी. जंतूंना हाकलण्यासाठी शरीर जी धावपळ करतं ती धावपळच हाताबाहेर जाते आणि स्वतःच्या अवयवांना इजा करायला लागते, त्याला सेप्सिस म्हणायचं, अशी २०१६ सालची मान्य व्याख्या आहे. सुरुवात कुठूनही होऊ शकते: न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, बाळंतपणानंतरचा संसर्ग, पायाचा सेल्युलायटिस. 'लॅन्सेट'मध्ये २०२० साली आलेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४.८९ कोटी लोकांना सेप्सिस झाला आणि १.१ कोटी मृत्यू सेप्सिसशी निगडित होते. यातली सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे सेप्टिक शॉक. सलाईनवर सलाईन लावूनही बीपी वर येत नाही, कारण रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात. पाणी तेवढंच आणि पाइप मात्र एकदम रुंद झालेला, मग दाब कुठून राहणार?

रक्तवाहिन्या सैल करणारा एक मुख्य निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. (दाताच्या दवाखान्यातला 'हसवणारा वायू' वेगळा, तो नायट्रस ऑक्साइड.) एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन, एवढाच हा रेणू. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० साली दाखवलं की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून काहीतरी सुटतं आणि त्यामुळे वाहिनीचा स्नायू ढिला पडतो. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे १९८७ साली साल्वाडोर मोंकाडा यांच्या गटानं आणि लुई इग्नारो यांच्या गटानं वेगवेगळं दाखवलं. १९९८चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि फेरीद मुराद यांना मिळालं. मोंकाडांना का नाही, यावर आमच्या क्षेत्रातले लोक अजून वाद घालतात. मला विचाराल तर त्यांचं नाव असायला हवं होतं.

शरीर हा वायू आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लापासून बनवतं. बनवणारी विकरं तीन. एक मज्जापेशींमध्ये, एक रक्तवाहिन्यांच्या अस्तरात. ही दोन्ही कायम थोडंथोडं काम करत असतात. तिसरं एरवी जवळपास नसतंच. जंतूंची चाहूल लागली की काही पेशी ते नव्यानं तयार करतात, त्याला काही तास लागतात, आणि एकदा ते आलं की वायू बदाबदा सुटतो. अस्तरातल्या विकराला आपण 'रोजचं' म्हणू आणि या तिसऱ्याला 'आणीबाणीचं'. पुढे ही दोन नावं लागणार आहेत.

मग हा वायू थेट का मोजत नाहीत?

कारण तो थांबतच नाही. रक्तात आला की लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनशी त्याची गाठ पडते आणि सेकंदाच्या अगदी छोट्या भागात त्याचं नायट्रेट होऊन जातं. जिथे हिमोग्लोबिन नाही तिथे ऑक्सिजनशी जुळून नायट्राइट होतं. सुईनं रक्त काढून नळीत भरेपर्यंत मूळ वायू गेलेला असतो. म्हणून सगळे त्याची राख मोजतात: नायट्राइट अधिक नायट्रेट. चूल विझल्यावर राखेवरून किती लाकडं जळाली याचा अंदाज बांधावा, तसं.

राख मोजण्याची पद्धत फार जुनी आणि स्वस्त आहे. पीटर ग्रीस हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडमधल्या बर्टन गावी बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. नायट्राइट ओळखायची त्याची रासायनिक क्रिया १८७९ सालची. आजही तीच वापरतात, रसायनं थोडी बदललीत एवढंच. नमुन्यात नायट्राइट असेल तर गुलाबी-जांभळा रंग येतो, जितकं जास्त तितका गडद, आणि ५४० नॅनोमीटरच्या प्रकाशात तो रंग मोजायचा. पहिल्यांदा त्या छोट्या खाचांच्या प्लेटमध्ये ओळीनं फिक्यापासून गडद होत जाणारा गुलाबी रंग पाहिला तेव्हा मला फार आवडला होता.

अडचण अशी की ही क्रिया फक्त नायट्राइट ओळखते, आणि रक्तद्रवात नायट्राइट इतकं कमी असतं की या पद्धतीला ते नीट दिसतही नाही. नायट्रेट त्याच्या कितीतरी पट. म्हणून आधी नायट्रेटचं नायट्राइट करून घ्यावं लागतं, कॅडमियमनं, व्हॅनेडियमच्या क्षारानं किंवा जिवाणूंच्या विकरानं. यात बारीक भानगडी पुष्कळ. हेपारिनच्या नळीत रक्त घेतलं तर ग्रीसच्या आम्लात ते गढूळ होऊ शकतं. प्रथिनं काढायच्या गाळण्या धुऊन घेतल्या नाहीत तर त्यांच्यातलंच नायट्रेट मोजलं जातं. पण या प्रयोगशाळेतल्या भानगडी आहेत, काळजी घेतली की सुटतात. खरी अडचण प्रयोगशाळेच्या बाहेर आहे.

एक ताप, एक औषध

माणूस स्वतः नायट्रेट बनवतो हे कळलं त्याची गोष्ट छान आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये स्टीव्हन टॅननबाउम यांचा गट खाण्यातल्या नायट्रेटमुळे कॅन्सर होतो का, यावर काम करत होता. स्वयंसेवकांना नायट्रेट अगदी कमी असलेला आहार द्यायचा आणि त्यांची लघवी तपासायची. खाल्लं त्यापेक्षा जास्त नायट्रेट बाहेर पडताना दिसलं. हा अभ्यास १९८१ साली छापून आला. त्यातच एका स्वयंसेवकाला ताप आणि जुलाब झाले आणि त्याच्या लघवीतलं नायट्रेट एकदम उसळलं. दुसऱ्या कुणी 'याचा आकडा बिघडला' म्हणून तो नमुना बाजूला ठेवला असता. या गटानं उंदरांना जिवाणूंच्या आवरणातलं विष टोचून पाहिलं आणि १९८३ साली दाखवलं की त्यांचंही नायट्रेट अनेक पटींनी वाढतं. १९८५ साली डेनिस स्टुअर आणि मायकेल मार्लेटा यांनी ते उंदरांच्या मॅक्रोफेज पेशींमधून येतं हे दाखवलं.

इथून सेप्सिसपर्यंत यायला वेळ लागला नाही. १९९१ साली पिट्सबर्गच्या ओचोआ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं की सेप्सिसच्या पेशंटच्या रक्तात नायट्राइट-नायट्रेट वाढलेलं असतं आणि अपघातात जखमी झालेल्यांमध्ये ते उलट कमी असतं. त्याच वर्षी लंडनमध्ये सेप्टिक शॉकच्या दोन पेशंटना नायट्रिक ऑक्साइड बनवणारी विकरं बंद करणारं एल-एनएमएमए हे रसायन दिलं आणि त्यांचं बीपी वर आलं. साखळी किती सरळ दिसते बघा: सेप्सिसमध्ये वायू जास्त होतो, त्यानं वाहिन्या सैल पडतात, बीपी पडतं, वायू थांबवा, माणूस वाचेल.

या औषधाची मोठी चाचणी अनेक देशांतल्या आयसीयूंमध्ये झाली. ७९७ पेशंट. निकाल २००४ साली छापून आले. बीपी खरोखर वाढलं. पण २८ दिवसांत औषध मिळालेल्यांपैकी ५९ टक्के दगावले आणि न मिळालेल्यांपैकी ४९ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

दोष सगळा मोजमापाचा होता असं मी म्हणणार नाही. त्या औषधानं आणीबाणीच्या विकराबरोबर रोजचं विकरही बंद केलं, आणि रोजचं विकर बारीक रक्तवाहिन्या उघड्या ठेवण्याचं काम करतं. मनगटावरचं बीपी छान आणि आतल्या अवयवांना मात्र रक्त नाही, असं होऊ शकतं. पण 'वायू जास्त होतोय' हे सगळ्यांनी ज्या आकड्यावरून धरून चालायला सुरुवात केली, तो आकडा कोणतं विकर जास्त काम करतंय हे सांगतच नाही. आणि खरं म्हणजे 'जास्त होतोय' हेसुद्धा तो सांगत नाही.

टाकीची पातळी

गावातली पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. सकाळी बघितलं तर टाकी काठोकाठ. आता सांगा, मोटार जोरात चालली का? असेल. किंवा गावात जाणारा व्हॉल्व्ह बंद असेल. किंवा रात्री कुणी टँकर आणून ओतला असेल. नुसती पातळी बघून यातलं काय झालं ते कळत नाही. रक्तातलं नायट्रेट ही टाकीची पातळी आहे. आपल्याला हवाय मोटारीचा वेग.

व्हॉल्व्ह म्हणजे किडनी. नायट्रेट मुख्यतः लघवीवाटे जातं. आणि सेप्सिसमध्ये लवकर बिघडणाऱ्या अवयवांपैकी किडनी एक. समजा निरोगी माणसाच्या रक्तद्रवात लिटरला ३० मायक्रोमोल नायट्रेट आहे. (मायक्रोमोल हे रेणू मोजायचं माप, डझनासारखं, आपल्याला फक्त तुलना करायचीय.) आता उत्पादन तेवढंच ठेवा आणि बाहेर टाकण्याचा वेग एक चतुर्थांश करा. काही काळानं पातळी चौपट होईल, १२० मायक्रोमोल. एक रेणूही जास्त बनला नाही, आणि पेपरात लिहिलं जाईल 'सेप्सिसमध्ये नायट्रिक ऑक्साइडचं उत्पादन चौपट'. शिवाय ज्यांची किडनी जास्त बिघडली तेच पेशंट जास्त गंभीर आणि तेच जास्त दगावतात. म्हणजे 'नायट्रेट जितकं जास्त तितका धोका जास्त' असा देखणा आलेखही निघेल. तो आलेख खरा असेल, पण तो किडनीचा असेल.

आता टँकर. इथे सेनगाव येतं.

नायट्रेट बाहेरून भरपूर येतं: पालेभाज्या, मुळा, बीट आणि पिण्याचं पाणी. १०० ग्रॅम पालकात १०० मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट सहज सापडतं. पाण्यासाठी भारतीय मानक आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम. ही मर्यादा मुळात तान्ह्या बाळांचं रक्त नायट्रेटमुळे निळं पडू नये म्हणून ठरली. आपल्याकडे सोयाबीन, कापूस, हळद. युरिया टाकला जातो. विहिरीशेजारी गोठा, उकिरडा, संडासचा शोषखड्डा. काळ्या मातीखाली भेगाळलेला काळा पाषाण. वरचं सगळं पावसाबरोबर खाली झिरपतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात भूजलातल्या नायट्रेटची समस्या गंभीर असलेल्या जिल्ह्यांमध्ये नांदेड आणि यवतमाळ आहेत, आणि हे दोन्ही हिंगोलीला लागून. (नायट्रेट पाणी उकळून जात नाही बरं का. उलट पाणी आटल्यानं थोडं दाटच होतं.)

गणित करून बघू. निरोगी माणसाचं शरीर दिवसाला साधारण १,००० मायक्रोमोल नायट्रेट स्वतः बनवतं. ४५ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ७२५ मायक्रोमोल. एप्रिल-मे महिन्यात शेतात राबणारा माणूस चार लिटर पाणी पितो. त्याच्या बोअरचं पाणी अगदी मर्यादेच्या आत, काठावर असलं तरी ते झालं २,९०० मायक्रोमोल. म्हणजे शरीर दिवसभरात जेवढं बनवतं त्याच्या जवळजवळ तिप्पट हापशातून आलं. मर्यादेच्या दुप्पट नायट्रेट असलेल्या बोअरचा हिशेब तुम्हीच करा.

अशा गावातून तापानं फणफणलेला माणूस जिल्ह्याला नेला, त्याचं रक्त तपासलं, नायट्रेट भरमसाट निघालं. शेजारच्या कॉटवर शहरातला, फिल्टरचं पाणी पिणारा माणूस, त्याचं कमी. फरक सेप्सिसचा की हापशाचा? किडनी चांगली असेल तर आधी आलेलं नायट्रेट पाच ते आठ तासांत निम्मं होतं, म्हणून उपाशीपोटी एक दिवस गेला की बाहेरचा हिशेब बराचसा पुसला जातो. आयसीयूतला पेशंट तसाही जेवत नसतो. पण किडनी बसली असेल तर तेच नायट्रेट कित्येक पट जास्त वेळ रेंगाळतं. व्हॉल्व्ह आणि टँकर एकमेकांत असे अडकतात.

ही शंका नुसती कागदावरची नाही. टांझानियात निक ॲन्स्टी आणि सहकाऱ्यांनी मलेरिया झालेल्या मुलांवर केलेला अभ्यास १९९६ साली आला. मेंदूचा मलेरिया झालेल्या मुलांमध्ये नायट्रिक ऑक्साइड जास्त होत असावं आणि तेच घातक असावं, असा तेव्हाचा एक प्रबळ अंदाज होता. यांनी आहार आणि किडनीचं काम दोन्ही हिशेबात धरलं आणि चित्र उलटं झालं: आजार जितका गंभीर तितकं उत्पादन कमी. मला हा पेपर फार आवडतो. महागडं मशीन नाही, फक्त मूल काय खाऊन आलंय आणि त्याची किडनी कशी चाललीय, एवढं विचारायचं भान.

मोटारीचा वेग

वेग मोजायचा तर पाण्यात रंग टाकावा लागतो. त्यासाठी नायट्रोजन-१५ वापरतात. हा नायट्रोजनचाच थोडा जड भाऊ. किरणोत्सारी नाही, हे मुद्दाम सांगते, कारण 'समस्थानिक' म्हटलं की लोक दचकतात. आपल्या हवेत, अन्नात, अंगात तो असतोच, हजारात साधारण चार अणू. ज्याचे ठरावीक अणू जड आहेत असं आर्जिनिन सलाईनमधून काही तास अगदी हळू सोडायचं. आर्जिनिनपासून वायूचा एक रेणू बनला की सोबत सिट्रुलिनचा एक रेणू उरतो. (सिट्रुलिन हे नाव कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून आलंय, ते कलिंगडात भरपूर असतं.) एकास एक. म्हणजे सिट्रुलिन ही पावती आहे. वायू उडून गेला तरी पावती रक्तात राहते, आणि त्या पावतीवर जड नायट्रोजनचा शिक्का असतो. असे शिक्केवाले रेणू वस्तुमानमापीवर मोजले की आर्जिनिनमधलं किती या कामाला चाललंय ते कळतं. हापशाचं पाणी कितीही खारट असो, त्यात हा शिक्का नसतो. किडनी बंद असली तरी पावती फाडण्याचा वेग त्यामुळे बदलत नाही.

अशा मोजणीतून काय निघालं? नेदरलँड्समधल्या लाउकिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ साली सेप्सिसच्या पेशंटमध्ये दाखवलं की शरीरात नव्यानं तयार होणारं आर्जिनिन कमी झालेलं आहे आणि नायट्रिक ऑक्साइडचं एकूण उत्पादनही कमी. वाढलेलं नाही, कमी! उलट सेप्सिस झालेल्या मुलांवरच्या २००३च्या एका अभ्यासात, याच प्रकारच्या पद्धतीनं, उत्पादन निरोगी प्रौढांपेक्षा जास्त दिसलं. तुलना मुलांशी नव्हे, प्रौढांशी, हे लक्षात ठेवायचं. म्हणजे प्रश्न मिटला नाही. पण 'सेप्सिसमध्ये नायट्रिक ऑक्साइड वाढतंच' हे जे पाठ्यपुस्तकी वाक्य मी एम.एस्सी.ला पाठ केलं होतं, ते इतक्या ठामपणे लिहिता येणार नाही एवढं नक्की.

आणखी एक गुंता आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. समजा मोटारीचा वेग बरोबर मोजला. तरी तो सगळ्या गावाचा झाला. एका गल्लीत पाइप फुटलाय आणि दुसऱ्या गल्लीत थेंब नाही, हे एका आकड्यातून दिसत नाही. फ्रान्समधल्या जिलाली अनान यांच्या गटानं २००० साली सेल्युलायटिसमुळे सेप्टिक शॉकमध्ये गेलेल्या पेशंटचा अभ्यास केला. जिथे पू होता तिथल्या ऊतींमध्ये आणीबाणीचं विकर जोरात चालू होतं. अंगात इतरत्र नाही. काटा मोडून पाय सुजलेला शेतकरी डोळ्यासमोर आणा: पायात वायूचा पूर आणि बाकी अंगात रोजच्या विकराला आर्जिनिनचा तुटवडा, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. हातातून काढलेलं रक्त या दोन्हींची सरासरी सांगतं. अशा माणसाला सरसकट वायू बंद करणारं औषध दिलं तर जिथे आधीच कमी आहे तिथलंही बंद होणार.

म्हणून काही जणांनी वायू मोजणंच सोडलं आणि त्याचं काम मोजायला घेतलं. ऑस्ट्रेलियात डार्विनच्या रुग्णालयात डेव्हिस, ॲन्स्टी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली केलेला प्रयोग समजायला सोपा आहे. दंडाला बीपीचा पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं. निरोगी अस्तर असेल तर रक्त परत येताना बोटातल्या वाहिन्या फुलतात, आणि या फुलण्यात रोजच्या विकराच्या वायूचा मोठा वाटा असतो. बोटात घातलेलं टोपण ते फुलणं मोजतं. सेप्सिसच्या पेशंटमध्ये ते कमी होतं. सुई नाही, राख नाही, हापशाचा संबंध नाही. अर्थात हे पायातल्या पुराबद्दल काही सांगत नाही, फक्त कोरड्या गल्लीबद्दल सांगतं.

हे सगळं ऐकून गावाकडे दोन प्रश्न येतातच. पहिला: "मग ही टेस्ट आपल्या सरकारी दवाखान्यात येणार का?" नाही, आणि यायची गरजही नाही. सेप्सिस ओळखायला नायट्रिक ऑक्साइड लागत नाही. श्वास मिनिटाला २२ किंवा त्याहून जास्त, वरचं बीपी १०० किंवा खाली, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा गुंगीत आहे. संसर्ग असताना यातल्या दोन गोष्टी दिसल्या की थांबायचं नाही. लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तरीही थांबायचं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळातला जंतुदोष लक्षणांवरून ओळखायला आणि घरीच उपचार करायला शिकवलं. तिथे नवजात बालमृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले, हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मी जे मोजते ते निदानासाठी नाही. कोणत्या पेशंटला कोणतं औषध मारक ठरेल हे पुढच्या चाचणीआधी कळावं, यासाठी आहे. सध्या मिथिलीन ब्लू हे जुनं, स्वस्त निळं औषध परत चर्चेत आहे, तेही याच वायूचा निरोप अडवतं. मेक्सिकोतल्या ९१ पेशंटच्या २०२३च्या चाचणीत बीपीची औषधं लवकर सुटली. आशा वाटते. पण दोन पेशंटमध्ये बीपी वर आल्यावर पुढे काय झालं ते वर लिहिलंच आहे, त्यामुळे मोठ्या चाचण्यांची वाट बघावी.

दुसरा प्रश्न खास आपल्या जिल्ह्याचा: "हळदीनं कमी होतं का गं ते?" वसमतच्या हळदीचा अभिमान मलाही आहे. आणि हो, हळदीतलं कर्क्युमिन मॅक्रोफेज पेशींमध्ये आणीबाणीचं विकर तयार होणं रोखतं, हे प्रयोगशाळेत १९९५ सालीच दिसलंय. पण त्या होत्या उंदराच्या पेशी, आणि उंदराच्या मॅक्रोफेज हा वायू जितका ओततात तितका माणसाच्या ओतत नाहीत. खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात पोचतंही फार थोडं. आणि समजा पोचलं, तरी सरसकट कमी करणं बरं की वाईट, हाच तर सगळा वाद आहे. हळद भाजीत घाला. ताप, धाप आणि गुंगी असेल तर गाडी काढा.

आपल्या भागात हे मोजायचंच झालं तर मी काय मागेन? रक्ताबरोबर त्याच वेळची लघवी, आणि दोन्हींत नायट्रेट व क्रिएटिनिन, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडा आहे ते कळेल. भरती होण्याआधीच्या दोन दिवसांचं खाणं नातेवाइकांना विचारून लिहिलेलं: पालक, मेथी, शेपू, मुळा, छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवलेली गोळी (तिच्यातूनही नायट्रेट येतं). तुलनेसाठी निरोगी माणसं शहरातली नकोत, त्याच गावातली, त्याच हापशावर पाणी भरणारी हवीत. ओआरएस कोणत्या पाण्यात कालवलं तेही. नायट्रेटची एक गोष्ट चांगली, ते टिकाऊ आहे. नीट गोठवलेला नमुना थोडा वेळ लाइट गेली तरी लगेच वाया जात नाही, नायट्राइटचं तसं नाही. निधी असेल तर थोड्या पेशंटमध्ये शिक्केवालं आर्जिनिन, घरच्यांना मराठीत नीट समजावून आणि संमती घेऊन. आणि प्रत्येक पेशंटच्या रक्ताच्या नळीसोबत, त्याच नंबरचं लेबल लावलेली, त्याच्या घरी पितात त्या पाण्याची एक बाटली.